शुभेच्छाफलकाची मागची बाजू

पेठ नाक्यावर महामार्ग सोडून वाळवा तालुक्याच्या मुख्य गावात शिरावे, अथवा ताकारीच्या बाजूने यावे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास एक फलक हमखास दृष्टीस पडतो. मध्यभागी कोट-टाय घातलेला बाविशीतला तरुण, त्याच्या मागे लंडनचा घड्याळमनोरा, वर आकाशात विमान आणि खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची दुहेरी रांग. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ हा फलक एकदा नीट वाचावा. तरुण कोणता विषय शिकावयास निघाला आहे? कोणत्या विद्यापीठात? परत केव्हा येणार? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यावर नसते. शुभेच्छुकांची नावे मात्र सोळा असतात.

(इस्लामपूरचे ईश्वरपूर व्हावे ही येथील जुनी मागणी. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आणि फलकांवर नवे नाव झळकू लागले. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर व जुन्या पारपत्रांवर मात्र आधीचेच नाव आहे. जाणाऱ्यांनी कागदपत्रांतील हा फरक वेळीच पाहून घ्यावा, एवढी सूचना जाता जाता.)

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावयास हवी. परदेशी शिकावयास जाणे म्हणजे मातृभूमीशी प्रतारणा, असे मानणारा एक वर्ग आपल्याही वर्तुळात आहे. बैठकीनंतरच्या चहाच्या वेळी हा सूर हटकून ऐकू येतो, आणि पुष्कळदा तो लावणाऱ्याचा स्वतःचा भाचा न्यू जर्सीत असतो! ह्या मताशी आमचे जुळत नाही. समुद्र ओलांडून विद्या आणणे हे पाप नव्हे. आमच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील कित्येक उज्ज्वल पाने त्यानेच लिहिली गेली आहेत, आणि त्यांतील एक पान तर येथून फारतर तासाभराच्या अंतरावर आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर आपला कारखाना थाटला. नांगर निघू लागले, चरक निघू लागले, वाडी वसली. परंतु केवळ हाताच्या हुशारीवर कारखाना फार पुढे जाणार नाही, त्याला शास्त्र शिकलेला यंत्रज्ञ हवा, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. १९२२ मध्ये त्यांनी मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडले. शंतनुराव १९२६ मध्ये यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले ते थेट वाडीच्या कारखान्यात. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि कृष्णाकाठच्या विहिरींवर डिझेल इंजिनांचा ठोका घुमू लागला. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कारखान्याची गरज, मग विषय, मग त्या विषयाची उत्तम संस्था आणि सर्वांत शेवटी आगबोटीचे तिकीट.

त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या (बंगालमधील) जाहीर सभेत उभे राहून त्यांनी सांगितले की मी वैद्यक शिकावयास जात आहे, हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे म्हणून जात आहे, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येणार आहे. समाज विरोधात होता. तरी ‘का जातेस?’ या प्रश्नाला त्यांच्यापाशी सभेत सांगता येईल असे उत्तर होते. आज समाज हारतुरे घेऊन उभा आहे, आणि तोच प्रश्न विचारला की मुलगा वडिलांकडे पाहतो व वडील कन्सल्टन्सीवाल्याकडे.

आता तो क्रम पूर्णपणे उलटला आहे. आधी देश ठरतो, कारण मावसभाऊ तेथे गेला आहे. मग व्हिसा कोठे लवकर मिळेल ते ठरते. मग त्या व्हिसाला पुरेल असे विद्यापीठ कन्सल्टन्सी शोधून देते, आणि विषय? तो विद्यापीठात जी जागा रिकामी असेल तिच्यावरून ठरतो. यंत्र-अभियांत्रिकी झालेला मुलगा ‘इंटरनॅशनल बिझनेस’ शिकावयास जातो आणि बी.एस्सी. ॲग्री झालेला ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’. वातानुकूलित कार्यालयातला सल्लागार प्रत्येक शंकेवर एकच क्रियापद वापरतो. गुण कमी आहेत, चालते. मध्ये दोन वर्षे गेली, चालते. विषय राहिले होते, तेही चालते. जेथे सर्वच चालते, तेथे नेमके काय शिकवले जात असेल, ही शंका मात्र कोणाला येत नाही. कित्येक पालकांना तर हे ठाऊकही नसते की त्यांना ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या ह्या गृहस्थाला परकीय विद्यापीठ प्रत्येक प्रवेशामागे अडत देते, आणि ती बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या प्रमाणात असते. सांगलीच्या हळद बाजारात अडत्या कोणाचा, हे शेतकरी पक्के ओळखून असतो. तोच शेतकरी येथे अडत्यालाच गुरू मानतो!

हे शिक्षणासाठीचे जाणे आहे, असे जे म्हणतात त्यांच्यासमोर एकच हिशेब ठेवतो. ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम करण्याची सवलत २०१२ च्या एप्रिलमध्ये काढून घेतली. २०१०-११ मध्ये तेथे ३९ हजारांच्या आसपास असलेली भारतीय विद्यार्थ्यांची संख्या पुढील काही वर्षांत २० हजारांच्या खाली आली. २०१९ मध्ये ती सवलत परत देण्याची घोषणा झाली, २०२१ पासून ती लागू झाली, आणि २०२२-२३ मध्ये आकडा पावणेदोन लाखांच्या घरात गेला. विद्यापीठे तीच, ग्रंथालये तीच, प्राध्यापक तेच. बदलली ती फक्त व्हिसाची अट. मग आमची मुले विद्येच्या ओढीने गेली, हे कोणत्या तोंडाने म्हणावे? कामासाठी जाणे हा गुन्हा नाही. पण मजुरीस जाण्यासाठी वीस लाखांचे शुल्क भरणारा मजूर जगाच्या पाठीवर दुसरा नसेल!

आणि हे शुल्क जाते कोठे, तेही समजून घ्यावे. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीशुल्कावर सरकारी मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती ९,२५० पौंडांवर गोठवली गेली आणि २०२५ पर्यंत तेथेच राहिली; महागाई मात्र वाढत गेली. विद्यापीठांना खड्डा पडला. परकीय विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अशी मर्यादा नाही. तेव्हा तो खड्डा कोणाच्या पैशाने भरला गेला असेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. एके काळी आमच्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्या चालल्या. आज वाळवा, कराड आणि पलूस तालुक्यांतील गहाण घरांवर तेथील दुय्यम विद्यापीठे चालत आहेत. फरक इतकाच की तेव्हा आम्ही परतंत्र होतो.

गहाण घरांवर असे मुद्दाम म्हटले. परदेशी शिक्षणाच्या कर्जासाठी बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. म्हणून राहते घर किंवा बिनशेती प्लॉट अडकतो, त्यातून भागले नाही तर पतसंस्था येते, आणि मग आईच्या पाटल्या. समजा, तीस लाखांचे कर्ज झाले व व्याज दहा टक्के आहे. वर्षाचे तीन लाख नुसते व्याजाचे. एकरी पन्नास टन ऊस आणि टनाला साडेतीन हजार असा दिलदार हिशेब धरला तरी एकराचे पावणेदोन लाख होतात, त्यातून लागण, खत, पाणी, तोडणीवाल्यांची खुशाली वजा जाते. म्हणजे दोन एकरांचा ऊस व्याजालाही पुरत नाही. मुद्दल तसेच उभे.

‘पण मुलगा तिकडे पार्ट टाइम करून काढील की!’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले त्या सल्लागाराचे तोंड एकदा पाहावे असे वाटते. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास वीस तासच काम करता येते. २०२५ च्या एप्रिलपासून तेथील किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. वीस तासांचे २४४ पौंड, चार आठवड्यांचे ९७७. आता लंडनमध्ये विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्यास महिन्याला किती लागतात, हे खुद्द ब्रिटिश सरकारने व्हिसाच्या अटीत लिहून ठेवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये तो आकडा १,४८३ पौंड होता. म्हणजे एकही तास न चुकवता, आजारी न पडता, पूर्ण वेतन मिळाले असे मानले तरी महिन्याला पाचशे पौंडांची तूट. शुल्क तर दूरच राहिले. ‘उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करता येते’ हे दुसरे गाजर. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात जातो आणि नियमाने तो काळ सत्रातच धरला जातो, सुटीत नव्हे. हे किती कन्सल्टन्सी सांगतात?

तूट भरून काढावयाची म्हणून नियम मोडले जातात, आणि मग त्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहा.

ईस्ट हॅम किंवा इलफर्डमधल्या एका जुन्या घरात, जेथे एके काळी एक कुटुंब राहत असे, तेथे आता दहा-बारा तरुण राहतात. बैठकीच्या खोलीचीही निजायची खोली केलेली. गादी जमिनीवर, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला तीवर पडतो. शीतकपाटातील प्रत्येक खणावर नावाची चिठ्ठी, तरी दूध कमी होतेच. भुयारी रेल्वे महाग, म्हणून बसने दीड तास. गोदामात रात्रभर खोकी उचलायची, किंवा उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत भांडी. ठरलेल्या तासांपलीकडचे काम रोखीने होते, आणि रोखीचा दर किमान वेतनाच्या खाली असतो, कारण तक्रार करणारा स्वतःच गुन्हेगार ठरणार असतो. कोणी दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर सायकलने घरोघर जेवण पोचवतो. विद्यार्थी-व्हिसावर स्वयंरोजगारास मुळातच बंदी आहे, पकडले गेल्यास व्हिसाच जातो. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधारते. सकाळी नऊच्या वर्गात डोळे मिटतात. ज्या विद्येसाठी घर गहाण पडले ती विद्या समोर फळ्यावर असते, आणि विद्यार्थी झोपलेला असतो.

ह्या चित्रास दुसरी बाजूही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. विद्यापीठाचे ग्रंथालय रात्रभर उघडे असते. प्राध्यापकाला पत्र लिहिले तर दोन दिवसांत उत्तर येते. वडील कोण, जात कोणती, कोणत्या गटाचे, हे कोणी विचारत नाही. ज्याचे विद्यापीठ खरेच चांगले आहे आणि ज्याला शिष्यवृत्ती आहे, त्याच्यासाठी ही वर्षे सोन्याची ठरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याचे साडेअकरा पौंड. त्यात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काय मिळवले ते सर्वांस ठाऊक आहे. पण तेथे देणाऱ्याने विद्यापीठ पाहिले होते, घेणाऱ्याने विषय ठरवला होता आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करारही झाला होता. आजही राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांनाच मिळते. सरकार स्वतःचा पैसा घालताना क्रमवारी पाहते. बाप आपले घर घालताना ती पाहत नाही.

आता ह्या लेखाचा खरा मुद्दा. हे सर्व घरी का कळत नाही?

रात्री साडेनऊला, म्हणजे तेथे दुपार असताना, फोन येतो. मुलगा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलतो, म्हणजे मागे दगडी इमारत दिसावी. ‘जेवलास का रे?’ ‘झालं आई.’ ‘काय केलंतंस?’ ‘भात-आमटी.’ ‘बारीक दिसतोयस.’ ‘थंडीनं तसं वाटतंय गं.’ एवढ्यात वडील फोन हाती घेतात आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यांना दाखवतात, ‘बघा, लंडन!’ त्या क्षणी मुलाने ‘अण्णा, मला परत यावंसं वाटतंय’ असे म्हणावे तरी कसे? त्याच्या नावाचा फलक बसस्थानकासमोर लागून गेला आहे. सोळा शुभेच्छुकांची छायाचित्रे त्यावर होती. खोटे तो बोलतो खरा. पण ते बोलण्यास त्याला आपणच शिकवले आहे. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाची थंडी आणि न मानवणारा आहार सहन केला, १८८६ मध्ये पदवी घेतली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षात, क्षयाने त्यांचा अंत झाला. कोल्हापूरचे ते काम त्यांच्या हातून कधी झालेच नाही. शरीराचे दुखणे हसून लपवणाऱ्या मुलांच्या आयांनी ही गोष्ट आठवावी.

जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत माहिती दिली की मागील पाच वर्षांत परदेशांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले. त्यांपैकी १७२ एकट्या कॅनडात. अपघात, आजार, हल्ले अशी कारणे निरनिराळी. ह्या बातम्या आपल्याकडे एक दिवस चालतात आणि दुसऱ्या दिवशी नवा फलक लागतो.

ह्या खोट्याच्या मुळाशी विवाहाचा बाजार आहे, हेही बोलून टाकले पाहिजे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज सांगली-सातारा पट्ट्यातील घराघरांतील व्यथा आहे. सहा एकर बागायती असलेला मुलगा पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहतो, आणि ‘पोरगं लंडनला असतंय’ म्हटले की स्थळांची रांग लागते. तेथे तो काय करतो, हे कोणी विचारत नाही. मग बाप करणार तरी काय? कर्ज शिक्षणाचे म्हणून निघते आणि वस्तुतः ते मुलाच्या लग्नाचे असते. मुलीच्या वडिलांनीही ह्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहावे. कष्टाची लाज आम्ही गावात पेरली. ज्या घरात स्वतःचे ताट उचलणे कमीपणाचे, त्या घरचा मुलगा परक्यांची ताटे विसळतो, आणि तेथे काम म्हणून कोणी त्याला हीन लेखत नाही, ही त्या परदेशाची जमेची बाजूच म्हणावी लागेल. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मिळेल ते काम करत अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. कामाची त्यांना लाज वाटली नाही, कारण ते काम कशासाठी हे त्यांना माहीत होते.

आमच्या ह्या भागास स्थलांतर नवे आहे का? मुळीच नाही. विटा-खानापूर-आटपाडी ह्या दुष्काळी पट्ट्यातील गलाईवाले कित्येक दशके देशभर पसरले आहेत. केरळापासून बंगालपर्यंत कोणत्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, सोने-चांदी गाळणारा मराठी माणूस भेटतो. त्यांची रीत पाहा. पोरगा कोणाच्या दुकानी जाणार, कोठे निजणार, किती वर्षे शिकणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले. दुकानी मामा किंवा चुलता. चुकला तर कान धरणारे कोणी आहे, आजारी पडला तर उशाशी बसणारे कोणी आहे. जत्रेला तो गावी येतो आणि सोबत पैसा आणतो, कर्ज नाही. मुंबईच्या गिरणगावातही साताऱ्या-सांगलीकडच्या गावांनी गावकीच्या खोल्या केल्या होत्या. नवा आलेला गडी प्रथम त्या खोलीत उतरे. वर्गणी थोडी, जेवण खानावळीत, आणि नोकरी लागेपर्यंत सांभाळ गावकीचा. निरक्षर म्हणवणाऱ्या त्या पिढीने परमुलखात माणूस एकटा पडू नये याची व्यवस्था केली. पदवीधर पिढी मुलाला अनोळखी देशात एका एजंटाच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर सोडते!

लंडनमध्येही ही दृष्टी कोणाला नव्हती असे नाही. पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू येथे ‘इंडिया हाउस’ उघडले, ते प्रथमतः हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणूनच. पंचवीसेक विद्यार्थ्यांची तेथे सोय होती. पुढच्या वर्षी सावरकर तेथे राहावयास आले आणि त्या घराचा इतिहास घडला, तो वाचकांस नव्याने सांगावयास नको. १९३२ मध्ये न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, ते आजही आहे. साउथॉलच्या गुरुद्वारातील लंगरने किती उपाशी विद्यार्थ्यांना जेवू घातले असेल, त्याची गणती नाही. शीख समाजाकडून घ्यावयाचा हा मोठा धडा आहे. आमच्या तालुक्यातील शेकडो घरांतील मुले बाहेर आहेत. ह्या घरांच्या पालकांची एक तरी संघटित यादी कोणापाशी आहे काय? कोणत्या शहरात कोण आहे, रात्री अपरात्री कोणाला फोन करावा, एवढी साधी वही?

ही वही किती मोलाची असते, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये कळले. युक्रेनवर आक्रमण झाले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे गेलेली हजारो मुले तळघरांत अडकली. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना मायदेशी आणले गेले, शासनाच्या त्या कामगिरीचा अभिमान योग्यच आहे. पण इतकी मुले त्या देशात होती कशी, हा प्रश्न विमाने उतरली तेव्हाच विसरला गेला. येथे खाजगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून ती गेली होती. आजही मुले रशिया, किरगिझस्तान, कझाकस्तानात जातच आहेत, आणि परत येऊन जी पात्रता परीक्षा द्यावी लागते तिच्यात जून २०२४ मध्ये शंभरात एकवीसच उत्तीर्ण झाले. उरलेल्या एकोणऐंशी घरांत फलक लागला नव्हता काय?

‘मग येथे तरी काय आहे?’ असा प्रतिप्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगाव महाविद्यालये आहेत, साखर कारखाने आहेत. परंतु दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना सामावून घेईल असा उद्योग तालुक्यात नाही. कृष्णाकाठचे तुकडे वाटण्यांनी गुंठ्यांवर आले आहेत. तरुणाने हातपाय हलवू नयेत असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमचे भांडण जाण्याशी नाही, आंधळेपणाने जाण्याशी आहे. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही; भाषा शिकावी लागते आणि गुण लागतात, म्हणून तिकडे पाठवण्यात अडत्याला रस कमी. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून खात्यात दाखवण्याची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली आणि परवान्यांवर मर्यादा आणली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पती वा पत्नीस सोबत आणण्याची मुभा काढून घेतली. आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचा काळ दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळेल. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. परक्याच्या एका सहीने ज्याचा हिशेब कोलमडतो, त्या हिशेबावर घर गहाण ठेवण्यापूर्वी वडिलांनी रोज एक तास ह्या नियमांस द्यावा. उसाला कोणती लागण चांगली हे ठरवताना ते याहून अधिक वेळ देतात.

कार्यकर्त्यांनी करावयासारखे काम येथे पुष्कळ आहे आणि त्यास निधी लागत नाही. परतलेली मुले गावोगाव आहेत. काही यशस्वी होऊन आलेली, काही व्हिसा संपल्यामुळे, काही मध्येच सोडून. ही दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची मुले घराबाहेर फारशी दिसत नाहीत, चौकात कोणी ‘का रे आलास?’ विचारील या भयाने. त्यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते कोणत्याही कन्सल्टन्सीपाशी नाही. येत्या गणेशोत्सवात व्याख्यानमालेची एक संध्याकाळ त्यांना द्यावी. शाल-श्रीफळ नको, प्रास्ताविक नको, छायाचित्रकारही नको. ज्यांची मुले यंदा अर्ज भरत आहेत अशा पालकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवावे, आणि परतलेल्या मुलांना भाडे, कामाचे तास, कर्जाचा हप्ता एवढेच आकडे सांगावयास सांगावे.